कमी तापमानाचं बेनाइट: कडकपणा आकड्यात बसतो, तरी तुकडा ठिसूळ का निघतो?

बेनाइट म्हणजे बारीक पात्यांची बनलेली पोलादाची आतली रचना. त्यासाठीचं पोलाद असं: कार्बन ०.८ ते १ टक्का, सिलिकॉन दीड टक्क्याच्या आसपास, मँगनीज दोनच्या जवळ, थोडं क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. आधी ऑस्टेनाइट (पोलादाचं तापलेल्या अवस्थेतलं रूप) होईपर्यंत तापवायचं, मग २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत किंवा सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या मिठाच्या टाकीत) तासन् तास, कधी कित्येक दिवस धरून ठेवायचं. सगळं जमलं तर २० ते ४० नॅनोमीटर जाडीच्या बेनाइटच्या पात्या आणि त्यांच्या मधोमध ऑस्टेनाइटचे पातळ पापुद्रे तयार होतात. मग दोन गिगापास्कलच्या पुढची ताकद आणि कामापुरता चिवटपणा एकाच तुकड्यात मिळतो. नाही जमलं तर दोष जवळजवळ दर वेळी एकाच जागी सापडतो: ऑस्टेनाइट किती उरलं आणि कोणत्या रूपात उरलं. म्हणून मिश्रधातूच्या कृतीला हात लावण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या तिन्हींना फारसा खर्च नाही आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

लक्षणं

- २०० अंशांवर धरलेल्या तुकड्याची हार्डनेस साधारण ६०० ते ६५० एचव्ही (विकर्स पद्धतीचं माप) यायला हवी. ती ७०० च्या वर जाते, एखाद्या जागी ८०० लागते आणि टेबलावरून पडला तर कोपरा उडतो.
- हार्डनेस सगळीकडे सारखीच, पण अपेक्षेपेक्षा शंभरएक एचव्हीने कमी.
- एकाच कापावर दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरात आकडे ५० ते १०० ने उड्या मारतात.
- पृष्ठभाग मऊ, आतला भाग बरोबर.
- तुकडा बाहेर काढताना ठीक असतो. काही दिवसांनी माप किंचित वाढतं किंवा कोपऱ्यातून बारीक चीर निघते.
- नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) एचिंग केल्यावर, म्हणजे पृष्ठभाग हलका कोरल्यावर, काळसर पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके दिसतात, किंवा रोलिंगच्या दिशेने पांढरे पट्टे.

यातलं पहिलं लक्षण सर्वांत फसवं आहे. आकडा जास्त आला की काम चांगलं झालं असं वाटतं, पण इथे जास्त आकडा बहुधा अर्धवट रूपांतराची खूण असते. बेनाइट व्हायचं राहिलेलं ऑस्टेनाइट थंड होताना मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचं कडक पण ठिसूळ रूप, होतं. एक टक्का कार्बनचं, टेम्पर न झालेलं (पुन्हा तापवून चिवट न केलेलं) मार्टेन्साइट काचेसारखं फुटतं. या पोलादात अपेक्षेपेक्षा जास्त हार्डनेस म्हणजे आधी वेळेवर संशय, आणि कमी हार्डनेस म्हणजे आधी तापमानावर.

पहिली तपासणी: हार्डनेसचा आकडा खरा आहे का?

पृष्ठभागावर घेतलेलं रीडिंग धरूच नका. तापवताना वरच्या थरातला कार्बन जळून जातो. तिथे मार्टेन्साइट सुरू होण्याचं तापमान वर सरकतं आणि रूपांतर वेगळ्याच पद्धतीने होतं. तुकडा मधोमध कापा आणि कापताना भरपूर कूलंट सोडा. कोरड्या कटिंग व्हीलने कडेचा थर तापला, तर मोजमाप तुकड्याचं न राहता जळालेल्या थराचं होतं.

कापाच्या मध्यावर विकर्स, १० किलो भार, किमान पाच ठसे. दोन ठशांच्या मध्यांतलं अंतर ठशाच्या कर्णाच्या तिप्पट, कडेपासून अंतर अडीचपट. ६०० एचव्हीला १० किलोचा कर्ण सुमारे ०.१८ मिलिमीटर येतो. हे लक्षात ठेवा, कारण पोलादातले रासायनिक पट्टे बहुतेक वेळा याहून अरुंद असतात. मोठा ठसा दोन-तीन पट्टे झाकून सरासरी दाखवतो आणि दोष लपतो. आकडे संशयास्पद वाटले तर अर्ध्या किलोवर या. तिथे कर्ण ०.०४ मिलिमीटरच्या आत येतो आणि पट्ट्यापट्ट्यातला फरक उघडा पडतो. फक्त रॉकवेल असेल तर ६०० एचव्ही म्हणजे साधारण ५५ एचआरसी आणि ७०० म्हणजे ६० एवढा अंदाज पुरेसा आहे.

कडेपासून आत ०.१ मिलिमीटरच्या टप्प्यांनी अर्ध्या किलोचे ठसे घेत गेलात की मऊ थराची खोली कळते. फक्त थर मऊ आणि गाभा बरोबर असेल तर बाकी तपासण्यांची गरज नाही. पुढच्या वेळी ग्राइंडिंगसाठी तेवढा जास्त माल ठेवा किंवा तापवताना संरक्षक वायू अथवा निर्वात भट्टी वापरा.

दुसरी तपासणी: घड्याळ

ही फुकट आहे आणि सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात. वेळ कधीपासून मोजली? तुकडा बाथमध्ये टाकल्यापासून नव्हे, गाभा बाथच्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची. जाड तुकड्यात हा फरक मोठा पडतो.

अंदाजासाठी एक नेहमीची रचना घ्या: ०.९८ कार्बन, १.४६ सिलिकॉन, १.८९ मँगनीज, १.२६ क्रोमियम, ०.२६ मॉलिब्डेनम, ०.०९ व्हॅनेडियम. भादेशिया, काबाल्येरो आणि गार्सिया-मातेओ या धातुशास्त्रज्ञांच्या सुरुवातीच्या कामातलं हे पोलाद. ३०० अंशांवर ते काही तासांत संपतं, २०० अंशांवर नऊ-दहा दिवस घेतं आणि १२५ अंशांवर गोष्ट महिन्यांवर जाते. ज्याने २०० अंशांवर चार दिवस धरलं त्याने अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं थंड होताना मार्टेन्साइटने पुरं केलं.

आपल्या पोलादाची खरी वेळ काढायला मोठं यंत्र लागत नाही. त्याच बारमधून १० मिलिमीटरचे आठ-दहा ठोकळे कापा, सगळे एकत्र ऑस्टेनाइट करा, एकत्र बाथमध्ये सोडा आणि ठरावीक अंतराने एकेक काढा. हवेत थंड होऊ द्या, कापून हार्डनेस मोजा, आलेख काढा. सुरुवातीचे ठोकळे मार्टेन्साइटमुळे जास्त हार्डनेस दाखवतील, मग रेषा खाली येईल आणि एका जागी सपाट होईल. सपाट व्हायला लागली ती तुमची वेळ. तीत चौथा हिस्सा वाढवा, कारण मोठ्या तुकड्यात मँगनीज जास्त असलेले भाग ठोकळ्यापेक्षा मागे रेंगाळतात.

कोरड्या ओव्हनमध्ये काम करत असाल तर लोहचुंबकही वापरता येतो. ऑस्टेनाइट चुंबकाला ओढत नाही, बेनाइटमधलं फेराइट (लोखंडाचं चुंबकीय रूप) ओढतं. म्हणून तुकडा गरम असतानाच ओढ वाढत गेलेली कळते आणि ती वाढायची थांबली की रूपांतर थांबलं. थंड करून बघण्यात अर्थ नाही, मार्टेन्साइटही चुंबकीय असतं. आणि २०० अंशांवर साधा निओडिमियम चुंबक आपली ताकद गमावतो. अल्निको किंवा समेरियम-कोबाल्टचा घ्या.

आता एक गैरसमज. वेळ कितीही वाढवली तरी सगळं ऑस्टेनाइट बेनाइट होत नाही. पात वाढते तेव्हा तिच्यातला जादा कार्बन शेजारच्या ऑस्टेनाइटमध्ये ढकलला जातो. ऑस्टेनाइट जसजसं कार्बनने भरतं तसतशी, सरकासरकीने होणाऱ्या या रूपांतराची ओढ कमी होत जाते. एका मर्यादेला त्याच रचनेच्या फेराइट आणि ऑस्टेनाइटची मुक्त ऊर्जा सारखी होते आणि नवी पात येणं बंद होतं. ही टी-शून्य रेषा. ती तापमानाबरोबर सरकते: धरायचं तापमान जितकं कमी, तितका जास्त कार्बन ऑस्टेनाइटमध्ये मावतो आणि तितकं जास्त बेनाइट होऊ शकतं. या जातीच्या पोलादात २०० अंशांवर साधारण पाचवा हिस्सा ऑस्टेनाइट उरतं, ३०० वर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा जास्त. म्हणून ३०० अंशांवर धरलेल्या तुकड्यात पांढरे ठिपके राहिले म्हणून आणखी चार दिवस तिथेच ठेवण्यात भट्टीची वीज जाते, दुसरं काही होत नाही. ते ठिपके वेळेचे नाहीत, तापमानाचे आहेत.

तिसरी तपासणी: थर्मोकपल खरं बोलतोय का?

भट्टीच्या पडद्यावरचा आकडा भिंतीजवळच्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचा) असतो. तुकड्याला छिद्र पाडून त्यात स्वतंत्र थर्मोकपल बसवा आणि एक पूर्ण चक्र नोंदवा. के टाइपच्या साध्या थर्मोकपलला २०० अंशांवर अडीच अंशांची सूट मुळातच असते. त्यात बाथच्या कोपऱ्यांतला फरक मिळवला की ठरवलेलं तापमान आणि तुकड्याला मिळालेलं तापमान यांत दहा-बारा अंश सहज पडतात.

दहा अंशांनी काय बिघडतं? वरच्या बाजूला चूक झाली तर ऑस्टेनाइट थोडं मऊ असतं आणि रूपांतराची ओढ कमी असते. पात्या जाड होतात, हार्डनेस उतरते, उरलेलं ऑस्टेनाइट पापुद्र्यांऐवजी ढेकळांत साठतं. खालच्या बाजूची चूक जास्त धोक्याची. तुकडा मार्टेन्साइट सुरू होण्याच्या तापमानाखाली, म्हणजे एमएसखाली गेला, की काही भाग सरळ मार्टेन्साइट होतो. १५० अंशांच्या आसपास धरणाऱ्यांनी हे अंतर नेहमी तपासावं.

ऑस्टेनाइटसाठी वापरायच्या भट्टीत वेगळा त्रास आहे. के टाइपची निकेल-क्रोमियमची तार ८०० ते १००० अंशांवर, कमी ऑक्सिजनच्या वातावरणात हिरवट होऊन खराब होते आणि थर्मोकपल तापमान कमी दाखवू लागतो. कंट्रोलर ती कमी भरून काढायला भट्टी जास्त तापवतो. धान्य (ग्रेन, म्हणजे पोलादातले स्फटिक) मोठं होतं, कार्बन जास्त जळतो, आणि नोंदवहीत सगळं ठीक दिसतं.

सॉल्ट बाथवाल्यांनी इथे थांबून नीट वाचावं. नायट्रेट-नायट्राइट मिठाच्या बाथमध्ये ओला तुकडा, तेल लागलेला तुकडा किंवा सायनाइड असलेल्या कार्बुरायझिंग मिठाचा अंश गेला तर उसळी आणि स्फोट दोन्ही शक्य आहेत. मिठाचं तापमान उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपुढे कधीच नेऊ नका. बाथ उकळल्यासारखा दिसतोय, तळाशी गाळ साठलाय, कंट्रोलर अडकलाय, यांपैकी काहीही असलं तर स्वतः हात घालू नका. हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

चौथी तपासणी: ऑस्टेनाइट पूर्ण झालं होतं का?

लहान तुकड्यांसाठी १००० अंश आणि पंधरा मिनिटं ही चांगली सुरुवात आहे. ९०० अंशांवर क्रोमियम असलेले कार्बाइड (कार्बन आणि धातूची संयुगं) विरघळायला जास्त वेळ लागतो. कार्बाइड विरघळले नाहीत तर कागदावर कार्बन एक टक्का असला तरी ऑस्टेनाइटच्या वाट्याला त्याहून कमी येतो. मग एमएस वर सरकतं, रूपांतर अपेक्षेपेक्षा लवकर होतं, पात्या जाड येतात आणि हार्डनेस कमी निघते. पॉलिश केलेल्या नमुन्यावर नायटलनंतर विखुरलेले गोल पांढरे कण दिसले तर तेच.

उलट फार वर आणि फार वेळ ठेवलं तर धान्य वाढतं आणि मोठ्या धान्याच्या सीमांवरून चीर सहज धावते. घाई झाली म्हणून ११०० वर नेऊ नका. १००० वर दहा मिनिटं वाढवा.

पाचवी तपासणी: रचना आणि सूत्रांचा भ्रम

मिल सर्टिफिकेटवर विसंबू नका. कार्बन ज्वलन पद्धतीने आणि बाकी मूलद्रव्यं स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घ्या. सिलिकॉन आधी बघा. सिमेंटाइटमध्ये (लोहाच्या कार्बाइडमध्ये) सिलिकॉन जवळजवळ विरघळत नाही. म्हणून दीड टक्का सिलिकॉन असलं की ऑस्टेनाइटच्या पापुद्र्यांत सिमेंटाइट बसत नाही आणि कार्बन ऑस्टेनाइटमध्येच राहून त्याला स्थिर ठेवतो. सिलिकॉन एक टक्क्याच्या खाली उतरलं तर पापुद्र्यांच्या जागी ठिसूळ कार्बाइड येतात. मग बाकी सगळं बरोबर करूनही चिवटपणा मिळत नाही. अॅल्युमिनियमही असंच काम करतं, शिवाय रूपांतर वेगवान करतं. कोबाल्टही वेग वाढवतं, पण महाग पडतं. या दोन्हींचा विचार वेळ परवडत नसेल तेव्हा करा, ठिसूळपणा घालवण्यासाठी नव्हे.

एमएस काढायला अनेक जण अँड्र्यूजचं सूत्र वापरतात: ५३९ मधून कार्बनचे ४२३ पट, मँगनीजचे ३०.४ पट, निकेलचे १७.७ पट, क्रोमियमचे १२.१ पट, मॉलिब्डेनमचे ७.५ पट वजा. वरच्या पोलादाला ते लावलं तर उत्तर जेमतेम ५० अंश येतं. प्रत्यक्षात एमएस १२० ते १२५ अंशांच्या जवळ मिळालं आहे. हे सूत्र कमी आणि मध्यम कार्बनच्या पोलादांवरून बांधलेलं आहे, एक टक्का कार्बनला ओढून लावायचं नाही. त्यावर विश्वास ठेवून १०० अंशांवर धरणारा माणूस बेनाइट करतोय असं समजत मार्टेन्साइट करतो. डायलॅटोमीटरवर (तापमानाबरोबर लांबीतला बदल मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेलंच एमएस धरा. ते नसेल तर निदान २०० अंशांखाली उतरू नका.

सहावी तपासणी: पट्टे

वेळ, तापमान, रचना सगळं बरोबर आणि तरी आकडे उड्या मारतात? मग दोष ओतकामातला आहे. गोठताना मँगनीज काही भागांत जमा होतं आणि रोलिंगमध्ये ते भाग लांब पट्टे होतात. मँगनीज ऑस्टेनाइटला स्थिर करतं, त्यामुळे पट्ट्यात रूपांतर उशिरा सुरू होतं आणि आधी थांबतं. तिथे ढेकळं उरतात.

ढेकूळ आणि पापुद्रा यांतला फरक इथे निर्णायक असतो. पापुद्रा पात्यांच्या मध्ये दाबलेला असतो आणि कार्बनने भरलेला असतो, म्हणून ताण पडला तरी टिकतो. ढेकळाच्या मध्यभागी कार्बन कमी पोहोचतो. थोडा ताण पडला की ते मार्टेन्साइट होतं आणि चीर तिथून सुरू होते. काही दिवसांनी माप वाढणं आणि उशिरा चीर पडणं ही लक्षणं बहुतांशी याच ढेकळांची. चीर नसून फक्त माप वाढलं असेल तरी तो तुकडा भाराखाली लावू नका.

नमुना रोलिंगच्या दिशेला समांतर कापा, दोन टक्के नायटलने एच करा. बेनाइट गडद होतं, ऑस्टेनाइट आणि ताजं मार्टेन्साइट पांढरं राहतं. पात्या दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची कुवत काहीशे नॅनोमीटरपर्यंतच आहे. इथे बघायचे आहेत ते पांढऱ्या जागांचा आकार आणि मांडणी. रेघांत असतील तर सेग्रिगेशन (मँगनीजचं एका जागी जमणं), सगळीकडे विखुरलेल्या असतील तर वेळ किंवा तापमान.

उपाय आहे, पण जड आहे: १२०० अंशांवर ४८ तास, सीलबंद नळीत किंवा निर्वातात. इतका वेळ का? त्या तापमानाला दोन दिवसांत मँगनीजचे अणू अंदाजे ४० मायक्रोमीटर सरकतात, म्हणजे पट्ट्यांच्या रुंदीच्या मापात. १००० अंशांच्या पंधरा मिनिटांत ते अर्धा मायक्रोमीटर सरकतात. नेहमीच्या ऑस्टेनाइटिंगने पट्टे जात नाहीत ते यामुळेच. या प्रक्रियेनंतर धान्य मोठं झालेलं असतं. म्हणून खोलीच्या तापमानापर्यंत सावकाश थंड करून पुन्हा १००० वर थोडा वेळ ऑस्टेनाइट करावंच लागतं. मोठ्या मालासाठी हे परवडत नाही. तिथे इलेक्ट्रोस्लॅग किंवा निर्वात आर्कमध्ये पुन्हा वितळवलेलं पोलाद मागवणं बरं.

पट्टे सौम्य असतील तर दोन टप्प्यांची युक्ती करून बघा. आधी जास्त तापमानावर बहुतेक बेनाइट होऊ द्या, मग तापमान उतरवून उरलेल्या ढेकळांत बारीक पात्या वाढू द्या. टी-शून्य रेषेमुळे दुसऱ्या टप्प्याला नवी जागा मिळते आणि ढेकळं तुटतात. दुसरा टप्पा मात्र मोजलेल्या एमएसच्या वरच ठेवा.

हे करू नका

ऑस्टेनाइट जास्त उरलं म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवणं हा या पोलादात सर्वांत वाईट उपाय आहे. ढेकळांचं सरळ मार्टेन्साइट होतं. ४०० अंशांच्या वर टेम्परिंगही नको, पापुद्रे मोडून कार्बाइड येतात. याच कारणाने गरम जस्तात बुडवणं बाद. आम्लात पिकलिंग टाळा, या ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरला की भार स्थिर असतानाही चीर पडते. वेल्डिंगचा प्रश्न विचारूच नका, इतक्या कार्बनला जोडाशेजारी मार्टेन्साइट होणारच.

मध्येच वीज गेली आणि तुकडा थंड झाला, तर उरलेला वेळ पुढे चालू करून फायदा नाही. मधल्या काळात झालेलं मार्टेन्साइट परत ऑस्टेनाइट होत नाही, नुसतं टेम्पर होतं. पुन्हा ऑस्टेनाइटपासून सुरू करा, आणि तुकडा ठिसूळ आहे हे लक्षात ठेवून ६०० अंशांपर्यंत सावकाश तापवा.

इथे थांबा

एकाच तुकड्याला दोनदा पुन्हा ट्रीटमेंट देऊनही दोष तसाच असेल तर तिसऱ्यांदा देऊ नका. दर वेळी कार्बन जळतो आणि चिरेची शक्यता वाढते. माणसाच्या जिवाशी संबंध असलेला कोणताही भाग, आणि चीर दिसलेला कोणताही भाग, घरच्या तपासणीवर पास करायचा नाही. धातुशास्त्रज्ञाकडे द्या.

पुढच्या प्रश्नांना प्रयोगशाळाच लागते. पात्यांची खरी जाडी ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मोजता येते. ऑस्टेनाइटचं प्रमाण एक्स-रे डिफ्रॅक्शनने काढा. नमुना देताना सांगा की नुसतं यांत्रिक पॉलिश चालणार नाही. घासण्याच्या ताणाने वरचं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतं आणि आकडा खोटा कमी येतो. पॉलिश आणि एचिंग आलटून पालटून करावं, किंवा शेवटी इलेक्ट्रोपॉलिश. त्याच मोजणीतून ऑस्टेनाइटच्या जालकाचं (अणूंच्या मांडणीचं) अंतरही मागून घ्या, त्यावरून त्यात किती कार्बन साठला ते काढता येतं. सोबत चार गोष्टी लिहून पाठवा: मोजलेली रचना, ऑस्टेनाइटिंगचं तापमान आणि वेळ, तुकड्यातल्या थर्मोकपलची पूर्ण नोंद, आणि हार्डनेसचे आकडे कापावरच्या जागांसह.